सरकारची माती, सासूबाईंची वांगी

माझ्या सासूबाईंइतकं रागीट माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर आजवर जन्माला आलेलं नाही, आणि पुढेही येऊ नये अशी माझी प्रार्थना आहे. राग काय, मलाही येतो. हे लिहायला बसलो तेव्हा आलेलाच होता. पण माझा राग पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन जातो. सासूबाईंचा राग मुक्कामालाच असे. सकाळी उठल्या की आधी त्या उन्हावर रागवायच्या, मग दूधवाल्यावर, मग कारखान्याच्या भोंग्यावर. "कायले बोंबलून राहिला हा सकाळपासून? कोनी मेलं काय याचं?" असं त्या भोंग्याला रोज विचारायच्या, आणि तो उत्तर न देता थांबला की त्याच्या उर्मटपणावर पुन्हा रागवायच्या. शेजारणीची कोंबडी आमच्या अंगणात आली की राग, आणि दोन दिवस आली नाही तर "तिले काय झालं, भाव खाऊन राहिली काय?" म्हणून राग. एकदा एसटीच्या कंडक्टरने त्यांना "बसा आजी" म्हटलं, तर "आजी कोनाले म्हनते रे?" म्हणून त्या मोहाडीपर्यंत उभ्याने गेल्या. पण हे सगळे किरकोळ राग झाले. त्यांचा खरा, खाऊपिऊ घालून वाढवलेला राग एकाच गोष्टीवर होता. तो म्हणजे जवाहरनगरच्या कारखाना-कॉलनीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरमागच्या मातीवर.

त्या मातीबद्दल मात्र मी कोणत्याही कोर्टात सासूबाईंच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे. काळी, जड, चिवट माती. आमच्याकडे अशा जमिनीला कन्हार म्हणतात. धानाच्या शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, पण क्वार्टरमागे चार वांगी लावू म्हणणाऱ्याच्या जन्माचं वाटोळं करायला तेवढीच लायक. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की माझ्या चष्म्याचं घर त्यातल्या एकीत गेलं ते आजतागायत वर आलेलं नाही. पावसाळ्यात ती चप्पल धरून ठेवी आणि पाय तेवढा परत देई. कुदळ मारावी तर उन्हाळ्यात कुदळ उडून कपाळावर यायची आणि पावसाळ्यात आत रुतून बसायची. वर्षातून चार-सहा दिवस ती बरी वागे, पण ते दिवस नेमके माझ्या ड्यूटीचे असत. मी तिच्या नादी लागत नव्हतो. तिथे कपडे वाळत घालायची तार बांधली होती आणि आमचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

सासूबाई आल्या आणि ते सगळं बिघडलं. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सासरे गेले आणि करडी या त्यांच्या गावच्या घरात बाई एकट्या उरल्या. मुलगा नाही, एकुलती एक लेक, ती मला दिलेली. शेत दिरांनी बटईने, म्हणजे वाट्याने, केलेलं. घराच्या मागल्या भिंतीला टेकू लावलेला, आणि बाईंना संध्याकाळनंतर नीटसं दिसत नव्हतं. मी आणि बायको जाऊन त्यांना घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे काय, फाटकापर्यंत आणलं. फाटकात त्या थांबल्या. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, जावयाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. जावयाशी तोंडावर बोलायचंही नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. आता ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्या घरात राहायचं कसं? बाईंनी फाटकाशी उभ्या उभ्या क्वार्टरकडे पाहिलं, भिंतीवर रंगवलेल्या नंबराकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं, "हे घर कोनाचं व?"

"सरकारचं," बायको म्हणाली.

"अन् नळ?"

"तोही सरकारचाच."

"मंग ठीक हाय. मी सरकारच्या घरी राहीन. जवाईबापूच्या नाही." आणि त्या आत आल्या.

कायदा बिनतोड होता. घर सरकारचं, पाणी सरकारचं, मागची माती सरकारची. तांदूळ त्यांचा स्वतःचा, करडीच्या बटईचा; लाखोळीची डाळही त्यांचीच, धान कापल्यावर त्याच बांधीत, म्हणजे खाचरात, पेरलेली. जवसाचं तेलही तिथलंच. मिठाचा खडासुद्धा त्यांनी गावाहून आणला होता. राहता राहिली भाजी. भाजी माझ्या पगारातून येई, म्हणून तिला त्या हात लावीनात. अंगणात वेगळी चूल मांडून भात आणि लाखोळीचं वरण रांधायचं, वर मिठाचा खडा, संपलं जेवण. आणि आईच्या ताटात भाजी नाही म्हणून माझी बायकोही भाजी घेईना. म्हणजे घरात भाजी खाणारा पापी मी एकटाच. दोघी मायलेकी समोर कोरडा भात खात बसायच्या आणि मी वांग्याची फोड तोंडात घातली की चार डोळे तिच्या मागोमाग घशापर्यंत जायचे. मला राग यायचा. कोणावर काढायचा ते कळत नसे, म्हणून वांग्यावर काढून मी ताट सरकवायचो. गावी याच बाई ताज्या वांग्याशिवाय जेवत नसत, हे बायकोने मला रडत रडत सांगितलं होतं.

बाईंनी स्वतःच तोड काढली. माती सरकारची आहे, तिच्यातून आपण आपल्या हाताने भाजी काढली तर ती जावयाची होत नाही. करडीला त्यांची वाडी होती, घरामागचा तो भाजीचा तुकडा, पण तिथली माती हलकी, भुसभुशीत. इथे समोर ही कन्हार. बाईंनी एक ढेकूळ उचललं, दगडावर आपटलं, ते फुटलं नाही. दगडाचाच टवका उडाला. "पाहतो तुले," असं त्या मातीला म्हणाल्या. तिथून ते वैर सुरू झालं.

आणि तिथूनच माझी खरी फजिती सुरू झाली, कारण जावयाशी बोलायचं नाही हा नियम बाईंनी पाळला, पण जावयाला बोलायचं नाही असा नियम कुठेच नव्हता. त्या मातीला बोलायच्या आणि मला ऐकवायच्या. मी पेपर वाचत ओसरीत बसलो असलो की मागून आवाज यायचा, "माती व, तुह्यासारखीच काही मानसं असतात पाय. उन्हाळ्यात अकडून बसतात अन् पावसाळ्यात लोळतात. कामाले कधीच येत नाहीत." मी चहात साखर जास्त घातली तर "गोड खाऊन खाऊन काहून चिकट झाली व माती?" मी काही दिवस ऐकून घेतलं. मग मीही मागच्या दारात उभा राहून मातीलाच उत्तरं द्यायला लागलो. "माती, दिवसभर ड्यूटी करून आलेल्या माणसाला घटकाभर बसू देशील की नाही?" कॉलनीतले लोक रस्त्याने जाताना थांबत. एका क्वार्टरमागे एक प्रौढ गृहस्थ आणि डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी, दोघं एकमेकांकडे पाठ करून चिखलाला शिव्या देताहेत, हे दृश्य त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नसावं.

पहिल्या पावसाळ्यात बाईंनी जे केलं ते फक्त आमच्या धानपट्ट्यातलं माणूसच करू जाणे. आमच्याकडे मातीची सेवा म्हणजे चिखलणी. बांधीत पाणी साठवायचं, बैल फिरवायचे, तुडवून तुडवून मातीचा लोण्यासारखा चिखल करायचा, म्हणजे पाणी खाली मुरत नाही आणि धान सुखाने उभं राहतं. ज्या जमिनीत पाणी थांबत नाही ती जमीन आमच्या लोकांना अनाथ वाटते. बाईंनी लुगड्याचा काचा मारला, वाफ्याभोवती बांध घातला, पाणी अडवलं आणि पावसात उभ्या राहून दुपारभर तो वाफा पायांनी तुडवला. वर लेकीलाही तुडवायला लावलं. मी दारातून म्हटलं, "माती, वांग्याला एवढं पाणी चालत नाही असं ऐकतो." त्यावर "माती व, पेपर वाचनाऱ्याचं ऐकू नको," असं उत्तर आलं. तुडवून झाल्यावर त्यांनी वांग्याची रोपं धानासारखी रांगेने चिखलात रोवली. रोपं आठवडाभर उभी होती. मग त्यांची पानं पिवळी झाली, माना पडल्या आणि उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली. पाऊस संपल्यावर तो तुडवलेला चिखल असा वाळला की वाफ्याची एक सलग फरशी झाली. तिच्यावर बाईंच्या पावलांचे ठसे तसेच्या तसे राहिले.

मी हसलो. हसायला नको होतं, पण सहा महिने मातीच्या आडून बोलणी खाल्लेला माणूस होतो. त्या हिवाळ्यात, आता शिकलेल्या माणसाने यात लक्ष घातलं पाहिजे असं ठरवून मी पुढे सरसावलो. आमच्या विभागात एक सर्वज्ञ गृहस्थ होते. ते म्हणाले, सोपं आहे. चिकट मातीत वाळू घाला, चिकटपणा गेलाच म्हणून समजा. हे इतकं पटण्यासारखं होतं की मी दुसरं मत घेतलंच नाही. वैनगंगेची वाळू बैलगाडीने आणवली. रविवारचा रविवार खपून मी ती त्या मातीत कालवली, पाणी मारलं, आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मातीला म्हटलं, "याला म्हणतात अक्कल." उन्हाळा आला. वाळू आणि कन्हार यांचं लग्न इतकं छान जमलं की त्यांना वेगळं करायला मला शेजाऱ्याकडून सब्बल, म्हणजे पहार, मागून आणावी लागली. सब्बल घातली की ठिणगी उडायची. बाई मागच्या दारात आल्या, त्या काँक्रीटवर टाच आपटून पाहिली, आणि तोंडाला पदर लावून हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होतो आणि तेही माझ्यावर. "माती व," त्या म्हणाल्या, "धन्य तुही. आता तुह्यावर दुमजली बांधाले हरकत नाही." मी सब्बल परत करायला गेलो तो संध्याकाळपर्यंत घरी आलो नाही.

पण त्याच रात्रीच्या जेवणाला हसू मावळलं. कोरडा भात चिवडत बाई लेकीला म्हणाल्या, "आता लय झालं बाप्पा. यंदाच्या दिवाळीपर्यंत या मातीनं मले भाजी देल्ली त राहीन. नाही त भाऊबीजेले पुतन्याले बोलावून घेईन अन् करडीले जाईन. कोरडा भात माह्या घरीही हाय, अन् तिथं तुह्या तोंडचा घास तरी जानार नाही." करडीचं घर बायकोलाही माहीत होतं आणि मलाही. तो टेकू, तो अंधार, आणि दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावत चालणारी बाई. माझा संताप संताप झाला. मी मोठ्याने म्हटलं, "माती, हट्टालाही काही सीमा असते!" पण माती घराच्या मागे होती आणि हे वाक्य कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं.

बाईंनी शेवटचा डाव म्हणून गावाची पद्धत काढली, उकिरडा. त्या बसने तुमसरला जाऊन राइस मिलमधून धानाचा कोंडा पोत्यात भरून आणायच्या. परतीला कंडक्टरशी भांडण ठरलेलं. पोतं माणसाच्या जागेवर बसवू नका म्हणाला, तर "तुह्यापेक्षा शानं हाय, गप बसून हाय," हे त्याला उत्तर मिळालं. कॉलनीत मोकाट फिरणाऱ्या गाईंच्या मागे त्या टोपली घेऊन फिरत. पळसाची पानं, चुलीची राख, आमच्या स्वयंपाकघरातली देठं-सालं, सगळं कोपऱ्यात एकावर एक रचत गेल्या. उकिरडा खिडकीच्या उंचीचा झाला. आषाढाच्या पहिल्या सरींनी तो असा घमघमला की आमच्याकडे येणारे लोक फाटकातूनच ख्यालीखुशाली विचारून जायला लागले. एका रविवारी त्यातून एक धामण निघाली आणि तारेवरच्या माझ्या धोतराखालून गेली.

मी मागच्या दारात उभा राहिलो. "माती, हा उकिरडा इथून हलणार आहे की नाही?"

"माती व, सांग कोनाले तरी. उकिरडा पिकाले दिवस लागतात, मानूस पिकाले जिंदगी पुरत नाही."

एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात काही उरलं नाही. मी फावडं घेतलं आणि भर पावसात तो अख्खा उकिरडा उचलून उचलून वाफ्यांवर भिरकावला. कोंडा, शेण, पानं, सालं, जे हाती येईल ते, सगळ्या मागच्या अंगणभर, घोट्याच्या वर जाईल इतका थर. "घे! घे! घे!" असं मी मातीला ओरडत होतो. दोन महिने जमवलेलं खत असं पावसात फेकलेलं पाहून बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटला. "या मातीत परत पाय ठेवीन त माह्या बापाचं नाव सांगनार नाही!" मी म्हटलं, "मीही ठेवणार नाही!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मले त दोघायचंही तोंड पाहाची इच्छा नाही," आणि तिने मागचं दार लावून कडी घातली. कपडे पुढच्या ओसरीत वाळायला लागले.

श्रावण गेला, भादवा गेला. कोणी बोलेना. मातीशीही कोणी बोलेना. पाऊस पडत होता आणि मागे काय चाललंय ते पाहायला तिघांपैकी एकानेही कडी काढली नाही. राग पाळण्याच्या बाबतीत आमचं घर फार शिस्तीचं होतं. दिवाळी आली तशा बाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. पुतण्याला निरोप गेला. धनत्रयोदशीच्या दिवशी बायको आईचं जुनं लुगडं शोधत होती. ते आषाढापासून मागच्या तारेवरच राहिलंय हे तिच्या लक्षात आलं. तिने कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि ओरडली. आम्ही दोघं धावलो. मला वाटलं, पुन्हा धामण.

बायको अंगणाच्या मधोमध उभी होती आणि तिची चप्पल तिच्या पायात होती. पावसाळा नुकताच संपलेला, आणि कन्हारीत चप्पल पायातच! तिने पाय उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "पाहा न माय, धरत नाही!" बाईंनी शपथ मोडायची नाही म्हणून उंबऱ्यावर बसून हात पुढे केला, सडलेल्या पानांचा थर बाजूला सारला आणि बोटं मातीत घातली. बोटं आत गेली. मूठ वर आली तेव्हा माती चुरा होऊन बोटांतून गळत होती आणि एक जाडजूड गांडूळ वळवळत होतं. आणि पलीकडे, भिंतीच्या कडेने, कोणी न लावलेला एक वेल सगळा कोपरा व्यापून पसरला होता. बायकोने पानं बाजूला केली. खाली लाल भोपळा, म्हणजे आमच्याकडचं कोहळं, चांगलं घागरीएवढं. मागे आणखी एक.

आमच्या रागाने जे केलं ते आमच्या अकलेला जमलं नव्हतं. थर घातला तो रागाने, आणि ओल्या मातीत पावसाळाभर कोणी पाय ठेवला नाही तेही रागानेच. पण बाई अशा सहजासहजी जिंकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी कोहळ्याकडे संशयाने पाहिलं. "बी कोनाचं? आपन त लावलं नाही. सालीसंगं आलं असन. म्हनजे जवाईबापूच्या पगाराचं."

मी कपाळावर हात मारला. शेवटी माझी बायको, जी दीड वर्ष दोघांचं ऐकत आली होती, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माय, तू काय म्हनली होती? मातीनं भाजी देल्ली त राहीन. यायनं, तुह्या जवायानं देल्ली त, असं म्हनली होती काय? दीड वरीस मातीसंगं बोलून राहिली न तू? मंग मातीनं आयकलं. मातीनं देल्लं. आता जा म्हनशीन त तुही तूच खोटी."

बाईंनी बोटांची माती पदराला पुसली. मग उठल्या आणि गाठोडं सोडलं. शपथेचं काय, असं मी विचारणार होतो, पण विचारलं नाही. त्या दिवशी तिघांच्या ताटात कोहळ्याची भाजी होती. माझ्या ताटात बाईंनी लेकीच्या हातून दोनदा वाढायला लावली. "माती व," त्या आतून म्हणाल्या, "तुह्या घरी आज जवाई जेवून राहिला."

त्यानंतर मात्र त्यांनी मातीचं शास्त्रच केलं आणि ते शास्त्र त्या सगळ्यांवर लादत. दरवर्षी कोंड्याचा आणि पाल्याचा थर. वाफे हातभर उंच, मध्ये चालायला पायवाट. आणि पहिला, शेवटचा व मधला नियम एकच की ओल्या मातीत पाय नाही. ज्या बाईने एकदा दुपारभर चिखल तुडवला होता तीच आता पावसानंतर काठी घेऊन पहारा द्यायची. एकदा शेजारणीची कोंबडी हुसकायला मी पावसात धावलो आणि माझा एक पाय वाफ्यात पडला. त्याच क्षणी मागून आवाज आला, "जवाईबापू! पाय काढा!"

मी पाय काढला. मग आम्ही दोघंही दचकलो. त्या माझ्याशी बोलल्या होत्या! थेट, तोंडावर, मातीला मध्ये न घालता. बाईंनी घाईने पदर पुढे ओढला, पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या, आणि मला ते मातीमार्गे येणारं बोलणं परवडत होतं असं वाटायला लागलं. मातीला निदान मध्येच उत्तर देता यायचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, चवळीच्या शेंगा, काय म्हणाल ते त्या काळ्या मातीतून निघायचं, आणि प्रत्येक घासामागे एक बोलणं फुकट.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी भंडाऱ्यात घर बांधलं. क्वार्टर सोडायचं म्हणताच बाईंनी जुनं गाठोडं काढलं. मी विचारलं, "आता काय?" तर म्हणाल्या, "ते घर तुमचं, नळ तुमचा, माती तुमची. मी कुठं येऊ?" इतक्या वर्षांनी पुन्हा तेच! मी इतका संतापलो की सरळ ट्रॅक्टर बोलावला. दोन माणसं लावून मागच्या वाफ्यांचा वरचा थर खणायला लावला आणि ट्रॉली भरायला सांगितली. बाई धावत आल्या. "सरकारची माती चोरून नेता काय जी?"

"सरकारची माती चिकट होती," मी ओरडलो. "ती खाली आहे, तशीच ठेवली आहे! हा वरचा थर तुमचा आहे. तुमचा कोंडा, तुमचं शेण, तुमच्या शिव्या. तो मी भंडाऱ्याला नेतोय. तुम्हाला तुमची माती माझ्या घरी एकटी सोडायची असेल तर खुशाल करडीला जा!"

बाईंनी ट्रॉलीतल्या मातीकडे पाहिलं. एक मूठ घेतली, चुरून पाहिली. मग गाठोडं ट्रॉलीत टाकलं आणि दोन माणसांच्या आधाराने त्या वर चढल्या. भर दुपारी, मातीच्या ढिगावर, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई भंडाऱ्यात आल्या. नव्या घरात मागच्या पडवीत, वाफ्यांना लागूनच त्यांनी आपली बाज टाकून घेतली. कोणी विचारलं की सांगायच्या, "मी जावयाच्या घरी नाही राहत बाप्पा. मी वाडीत राहतो, माह्या."

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांची नजर जवळजवळ गेली होती. अंगणातली विहीर आटली होती आणि वाडीत हिरवं असं काही उरलं नव्हतं. बायकोने गुपचूप बाजारातून वांगी आणवली आणि न बोलता आईच्या ताटात वाढली. बाईंनी एक घास घेतला. थांबल्या. बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी माझ्या ताटात पाहत होतो.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "हे वांगं आपल्या मातीचं नोहे. बाजारचं हाय. तुम्ही आनलं." त्यांनी ताटातली फोड बोटाने चाचपली. "मले समजत नाही काय? डोळे गेले, जीभ नाही गेली." त्या पुन्हा एक घास घेऊन चावत राहिल्या. मग लेकीवर खेकसल्या, "पाहून काय राहिली व? वाढ न आनखी!"

मी ताटावरून उठून मागे गेलो. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नसेल. भेगा पडलेल्या वाफ्यासमोर उभा राहून मी मातीला म्हणालो, "इतकी वर्षं लावलीस? इतकी?"

मृग लागायच्या आत बाई गेल्या. वाफे आहेत, दरवर्षीचा कोंड्याचा थर मी चुकवत नाही, माती अजून मुठीत चुरते. पाऊस पडून गेला की मी मागे जातो. इकडे तिकडे पाहतो आणि ओल्या वाफ्यात मुद्दाम एक पाय ठेवतो. थोडा वेळ तसाच उभा राहतो. मग माझा मीच पाय काढून घेतो.